होकारांचा बाक

मी एक जुना बाक आहे. मित्रांनो, उभेच राहा, बसू नका. माझा डावा पाय कुजला आहे आणि तुम्ही पडलात तर बोल मलाच लागेल. कट्टा गावाच्या तिठ्यावर ते बंद दुकान दिसते ना, त्याच्या पडवीत मी पडून असतो.

माझा जन्म फणसाच्या लाकडातला. भाई सुताराने मला चौघे नीट बसतील एवढा लांब केला आणि पाठीला टेकण दिले. हलक्या लाकडाचे बाक दोन पावसाळ्यांत मान टाकतात, मी तसल्यांतला नव्हे. म्हातारपणी एवढी शेखी मिरवली तर चालेल ना?

दुकान जानकीचे होते. ती खाजा करायची. बेसनाच्या जाड कांड्या तळायच्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायच्या आणि कोरड्या करून विकायच्या. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की प्रत्येक देवळापुढे आपल्या ठरलेल्या जागेवर ती पाल लावून बसे. तिचा नवरा महादू मुंबईत एका खानावळीत कामाला होता आणि गणपतीला तेवढा घरी येई. दुकान दोघांचे पोट भरील एवढे चालले, की त्याने मुंबई कायमची सोडायची असे नवराबायकोचे ठरले होते. जानकीचा सारा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

ऐंशी सालानंतर अप्पा मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी शेजारी वह्या-पेन्सिलींचे दुकान टाकले. उभा जन्म पोरे सांभाळली, पण गिऱ्हाईक काही त्यांना सांभाळता येईना. कोल्हापुरात जावयाकडे गेले असता त्यांनी एक नवल पाहिले. तिथले छोटे दुकानदार दर आठवड्याला एकत्र बसत, एकाने आपली अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर डोके चालवायचे. अप्पांनी परत येताच हा घाट कट्ट्यात घातला. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी अप्पा, भिकाजी शिंपी, कोकम सरबत करणारी शुभदा आणि जानकी, असे चौघे माझ्यावर बसू लागले.

पहिली दोन वर्षे काय बहारीची होती! चौघेही कडाकडा भांडत. "शाळा सुरू झाल्यार गणवेश शिवतंस? पोरां काय उघडी बसतली?" असे शुभदाने सुनावले, तेव्हा भिकाजी मे महिन्यातच कपडा आणू लागला. "तुझी बाटली म्हणजे घागर गो, वाटसरू ती नेतलो खंयसून?" असे भिकाजीने चिडवले, तेव्हा शुभदा लहान बाटल्या भरू लागली. अप्पांनाही जानकीने वह्यांबरोबर गोट्या ठेवायला लावल्या. सगळ्यांचेच धंदे थोडे थोडे वर आले. तिठ्यावरची माणसे मला कौतुकाने "शहाण्यांचो बाक" म्हणत आणि मी पाठ ताठ करून उभा राही.

घात झाला तो एका चांगल्या रिवाजामुळे. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणे घालतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. अप्पांनी बैठकीआधी ते सुरू केले. ते हात जोडून उभे राहत आणि म्हणत, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां हय जमली आसत, तेंच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!" बाकीचे एका सुरात म्हणत, "होय म्हाराजा!"

यात वावगे काहीच नव्हते. पण गाऱ्हाणे संपले, की अप्पा त्याच उभ्या जागेवरून आपला सल्ला सांगू लागत आणि समोरच्यांच्या माना आधीच हललेल्या असत. शिवाय सल्ला देताना अप्पा शाळेतली शुद्ध मराठी बोलत. त्या मराठीपुढे आपले मालवणी तोंड उघडायचे तरी कसे? हळूहळू भांडणे संपली. एकी वाढली असे अप्पांना वाटले आणि ते खुशीत असत. मला मात्र ती शांतता खटकत होती.

सत्त्याऐंशीच्या आषाढात गाऱ्हाणे झाल्यावर अप्पा म्हणाले, "जानकी, मुंबईच्या एका दुकानदाराने गणपतीसाठी खाजा मागितला आहे. श्रावणात तळून डबे भरून पाठव. जत्रेची धावपळ आता पुरे. त्या जागा दुसऱ्याला दे आणि महादूलाही बोलावून घे."

महादूचे नाव निघाले आणि जानकीचा चेहरा उजळला. मग तिने एकदा बाहेरच्या पावसाकडे पाहिले. भिकाजीने मान खाली घातली. शुभदाने पदर सारखा केला. आणि तिघेही म्हणाले, "होय, अप्पा."

श्रावणभर जानकी कढईपुढे उभी होती. भरलेले डबे एसटीच्या टपावरून मुंबईला गेले. चतुर्थीच्या आधी महादू आला, तो वळकटीसकट. "आता जाणंय नाय," असे तो माझ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

गौरी गेल्या आणि डबे परत आले. गुळाला पाणी सुटले होते, कांड्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि वर बुरशीचा थर होता. ज्यांनी तो खाजा मुंबईत पाहिला त्यांनी गावी येऊन सांगितले आणि जानकीचे नाव खराब झाले. कार्तिकात ती सोडून दिलेल्या जत्रेच्या जागा परत मागायला गेली, पण देवळापुढची जागा बसणाऱ्याची असते. दुसरे तिथे बसले होते. त्यांना उठवणार कोण?

शिमग्याआधीच महादू पुन्हा मुंबईला गेला. खानावळीत त्याच्या जागी दुसरा लागला होता, म्हणून तो बंदरावर ओझी वाहू लागला. जानकी काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. टरफलांच्या तेलाने तिची बोटे काळी पडली आणि सालपटे निघू लागली. पुढच्या पावसात महादूच्या पाठीवर गोण्यांची थप्पी कोसळली. तो वाचला नाही.

त्यानंतर चौघे एकदाच माझ्यावर बसले. कोणीही गाऱ्हाणे घातले नाही. अप्पा त्या दिवशी मालवणीत बोलले, "पावसात गुळाक पाणी सुटता, ह्यां कोणाकच म्हायत नाय होतां?"

"माका म्हायत होतां," भिकाजी म्हणाला.

"माकाय," शुभदा म्हणाली. "घरातली ढेप दर श्रावणात पाझारता."

"मगे बोलल्यात कित्याक नाय?"

भिकाजी रडू लागला. "तुमी मास्तर. आणि महादू येतलो म्हणान वैनी इतकी हरखलेली. तिका वायट वाटलां असतां."

जानकी आपल्या काळ्या बोटांकडे बघत होती. "माकाय म्हायत होतां," ती म्हणाली. "वाटलां, तुमी तिघांव होय म्हणतास, म्हणजे माझांच चुकता." मग ती भिकाजीकडे वळली. "वायट वाटलां असतां, भावजीनू. चार दिस वाटलां असतां. पण माझो घोव आज जितो असतो."

ती उठली आणि कारखान्याच्या वाटेला लागली. दुकान पुन्हा उघडले नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे थोडा रंग मागतो, थोडी डागडुजी मागतो. मला यातले काही नको. मला वाळवीच पुरे. पण तुम्ही कधी चौघे मिळून बसाल आणि तुमच्यातले एक माणूस चुकीच्या वाटेला लागताना दिसेल, तेव्हा त्याला तोंडावर "नको" म्हणा. ते रुसेल, तुमच्याशी बोलणे टाकील. टाकू दे. त्याच्या घरी कोणीतरी वाट बघत असते.