मुक्ताच्या जागी

नववीच्या वर्गात जाऊन बसताना मथुराबाईला आपण काही वावगं करतोय असं मुळीच वाटलं नव्हतं. पदर सावरून, चिंधी बांधलेला डावा हात मांडीवर ठेवून ती पोरींच्या रांगेत मुकाट बसली. पुढची पोरगी वळून हसली, तर हिनंच तिला गुरुजींकडं बघायला सांगितलं.

तिचा विचार अगदी सरळ होता. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. ढोकीच्या रस्त्याला सरकारचं खडी केंद्र चालू होतं आणि अर्धं गाव तिथं दगड फोडत होतं. पंधरा दिवसांपूर्वी मथुराबाईचा अंगठा हातोडीखाली आला. घरात ती आणि तिची लेक मुक्ता, दोघीच. आता हजेरीच्या मस्टरवरचं नाव कटणार म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा बंडप्पा मुकादमानं सांगितलं, लेकीला बदली धाड. तेव्हापासून मस्टरवर नाव मथुराबाईचं आणि दगडावर हात मुक्ताचे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. सासू पडली की सून यायची, नवऱ्याला ताप आला की बायको. खडी पडल्याशी कारण.

मुक्ताची शाळा तेवढी बुडत होती. अशात मुख्याध्यापक महालिंगप्पा गुरुजी घरोघर फिरून गेले. नववीचा वर्ग गेल्याच वर्षी सुरू झालेला, तोही सोसायटीच्या गोदामात. दुष्काळात खत कोण घेतंय, म्हणून गोदाम रिकामं होतं आणि वर्गाला जागा मिळाली होती. या वर्गाला सरकारी अनुदान चालू राहायचं तर तपासणीच्या दिवशी वीस मुलं समोर दिसायला हवीत, असं गुरुजींनी बजावलं. एकोणीस भरली तर वर्ग बंद. मग पुढं शिकायला ढोकी. पोरं जातील रडतखडत, पण पोरींना एवढ्या लांब कोण धाडणार? मुक्ता धरली तर बरोबर वीस होत होती.

मुक्ता खडीवरून हलली तर मथुराबाईचं नाव जाणार, आणि शाळेत दिसली नाही तर वर्ग जाणार. मथुराबाईनं त्यावर तोड काढली. लेक आपल्या जागी गेलीय, तर आपण तिच्या जागी जावं. सरकार तर एकच आहे.

तपासनीस साहेब आले तेव्हा गुरुजी त्यांच्या मागंपुढं करण्यात इतके गुंतले होते, की रांगेत कोण बसलंय हे त्यांनी बघितलंच नाही. साहेब एकेक डोकं मोजत आले आणि विसाव्या डोक्यापाशी थांबले. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, तुम्ही कोण?"

"मुक्ताची बदली हाय मी, साहेब."

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी छताच्या पत्र्याकडं. मग मथुराबाईनंच खडी, अंगठा, लेक असं सगळं नीट समजावून सांगितलं. बंडप्पाचं नाव तेवढं गाळलं, तेवढं शहाणपण तिच्यापाशी होतं. हसावं की रागवावं हे साहेबांचं ठरेना. शेवटी ते म्हणाले, शिक्षण ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं, तिथं बदली चालत नाही.

"मग खडीला कशी चालती?" मथुराबाईनं विचारलं. तिला भांडायचं नव्हतं, तिला खरोखरच कळत नव्हतं. "तितं सरकार म्हणतंय, माणूस कुनी का असंना, काम झालं पायजे. हितं म्हणतंय, नाव हाय तेच माणूस पायजे. आमी कोनचं खरं धरावं, साहेब?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. अजून आठवी तपासायची आहे, तासभर जाईल, असं ते गुरुजींना म्हणाले; तेवढ्यात पोरगी समोर आली तर वीस लिहीन.

ऊन मी म्हणत होतं. मथुराबाई धापा टाकत खडी केंद्रावर पोचली, मुक्ताच्या हातातली हातोडी हिसकावली आणि तिला शाळेकडं पिटाळलं. संध्याकाळपर्यंत ढीग पुरा दिसला पाहिजे, एवढंच बंडप्पा म्हणाला. ती त्याच दुखऱ्या हातानं दगड धरून फोडायला बसली. पहिल्याच घावाला जखम उकलली. तिचं लक्ष मात्र रस्त्याकडं होतं. उन्हं कलल्यावर साहेबांची जीप धुरळा उडवत गेली आणि पाठोपाठ मुक्ता पळत आली.

"माय, वीस लिव्हले. वर्ग ऱ्हायला."

मथुराबाईला इतका आनंद झाला की अंगठ्याची ठणक ती घरी जाईस्तोवर विसरली.

सकाळी हात कोपरापर्यंत सुजला होता. मुक्तानं तो बघितला, दप्तर खुंटीला अडकवलं आणि हातोडी घेऊन खडीवर गेली.

मथुराबाई उंबऱ्यात बसून राहिली. तिला काही म्हणता काही उमजेना. वर्ग वाचला, तो मुक्तामुळं वाचला. आता एकोणीस पोरं शिकतील आणि विसावी दगड फोडील. सरकारनं वर्गासाठी पैसा दिला, खडीसाठीही दिला, पण मुक्ता वर्गात बसावी म्हणून द्यायला कुणापाशी काही नव्हतं. साहेब वाईट नव्हता. गुरुजी नव्हते, बंडप्पाही नव्हता. चिडायचं तर कुणावर, तेच कळेना, आणि तिला रडू आलं.

मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि गोदामात जाऊन कालच्याच जागी बसली. तपासणी झाली, आता कशाला आलात, असं गुरुजींनी हळूच विचारलं. आता मोजायला कुणी नाही म्हणूनच आले, असं ती म्हणाली. गुरुजी फळ्याकडं वळले.

दिवेलागणीला मुक्ता आली. हातपाय धुऊन चुलीपाशी बसली.

"माय, आज काय शिकिवलं?"

मथुराबाईनं चांगल्या हाताच्या बोटानं राखेत तीन रेघा ओढल्या, एकमेकींना भिडवल्या. "ह्याला तीन कोपरे. लहान काढ न्हायतर मोठा काढ, तिन्ही मिळून एकशेऐंशीच भरत्यात, म्हनं."

मुक्ता वाकून बघत राहिली. "का बरं?"

"त्ये न्हाय कळलं," मथुराबाई म्हणाली. "उद्या इचारून येते."