रस्सीपलीकडचं हसू

चादरींच्या कारखान्यात रस्सीखेच म्हणजे वर्षभराच्या बढायांचा निकाल. बांधणीखातं एका बाजूला, रंगखातं दुसऱ्या. यंदा वहिनी रंगखात्याकडून सर्वांत पुढे उभी होती आणि समोर रस्सीवर पहिला हात होता तिच्याच नणंदेचा.

वहिनी आधी बांधणीत होती. साहेबांनी तिची बदली केली आणि बांधणीच्या बायकांनी ठरवून टाकलं, की हिनेच पुढे पुढे करून ती मागून घेतली. मग डबा खाताना तिला कुणी सरकून जागा देईना. नणंद तर घरीसुद्धा भिंतीशी बोलल्यासारखं बोले, "मीठ कमी पडलंय म्हणावं कुणाला तरी." रंगखात्यातही वहिनी अजून 'ती बांधणीवाली'च.

एकटं जेवणारं माणूस डब्यात बघत नाही. वहिनी तोंडं बघायची. रंगाच्या पिंपात काठी फिरवायची विसरायची, चादरीवर डाग पडायचे, मुकादम ओरडायचा. पण दारातून कोण कुणाकडे बघून हसत गेलं ते तिला बिनचूक ठाऊक असे. डोळे बारीक होतात ते हसू खरं. नुसते ओठ ताणतात ते उसनं.

"एक आजारी पडली म्हणून तुला घेतलंय," रंगखात्याच्या काकींनी मागून दम दिला. "हात सुटला तर याद राख!"

एक ओढ यांनी जिंकली, एक त्यांनी. तिसरीला रस्सी जागची हलेना. मैदानावर पाणी मारलेलं, पाय सरकत होते, दोन्हीकडचे पुरुष घसा फुटेस्तोवर ओरडत होते. तेवढ्यात नणंदेने मान वर केली आणि ती हसली.

"वहिनी!"

किती महिन्यांनी ती हाक! वहिनीचा जीव सुपाएवढा झाला, मूठ सैलावली, रस्सी वीतभर पुढे गेली.

"अगं, झोपलीस का?" काकी किंचाळल्या.

वहिनी नणंदेचे डोळे बघत होती. ओठ हसत होते. डोळे कोरडे, आणि कान मागच्या बाईच्या इशाऱ्याकडे.

"पाय रोवा!" वहिनी ओरडली. "झटका येतोय!"

सगळ्यांनी टाचा रुतवल्या. झटका आला आणि वाया गेला. बांधणीच्या बायकांचे पाय निसटले.

"आता ओढा!"

अख्खं बांधणीखातं एकमेकींवर कोसळलं. रंगखात्याने एकच गिल्ला केला.

नणंद कानापर्यंत चिखलाने माखली होती. उठायला गेली, पुन्हा आपटली.

"बघतेस काय? हात दे की!"

वहिनीने आधी तिचे डोळे पाहिले. बारीक झाले होते, पाण्याने भरले होते, हसू मावत नव्हतं. वहिनीने हात दिला, नणंदेने हिसका मारला, दोघी धप्पकन चिखलात!

"ए, सोड! आमची बाई आहे ती!" काकींनी धावत येऊन वहिनीचा दुसरा हात धरला.

"तुमची कुठली? घरची आहे माझ्या!" नणंद ओढू लागली.

"अगं, हात निखळेल माझा!" वहिनी ओरडली, पण सोडा असं काही म्हणाली नाही.