भरल्या पोटाची उपासमार

धाकटीचा पाय आज एका जागी ठरत नव्हता. टाक्यांच्या खोलीत तिच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका थर पुन्हा साचला होता.

मत्स्यबीज केंद्र घरचंच. सासऱ्यांनी उभारलेलं, आता दोघी जावा सांभाळत होत्या. थोरली पलीकडे काचेच्या छताखाली बरण्यांमधून शेवाळाचं हिरवं पाणी वाढवायची. त्या पाण्यावर रोटिफर नावाचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पोसले जायचे आणि रोटिफर खाऊन धाकटीकडची समुद्रमाशांची पिल्लं वाढायची. यंदाची पिल्लं आजीबाईची. आजीबाई म्हणजे केंद्रातली सगळ्यात जुनी मादी. अंडी घातली आणि गेली बिचारी. तिचा वंश आता एवढ्या दोन टाक्यांत उरला होता.

पिल्लं मरायला लागली तशी धाकटीने खाणं वाढवलं. तरी मरतच होती. सासरे डोकावून गेले. पोटं तर टम्म दिसताहेत, आता अंगाई म्हणायची तेवढी राहिली, असं म्हणून हसलेही. धाकटीला हसू आलं नाही. तिने एक पिल्लू काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पोट भरलेलं होतं खरं, पण पांढरंफटक. धडधाकट पिल्लाच्या पोटात हिरवी झाक दिसते.

ती तशीच उठून थोरलीकडे गेली. आठवडाभर आभाळ झाकोळलेलं. बरण्यांतलं पाणी विटक्या कापडासारखं झालं होतं आणि फळीवर यीस्टची रिकामी पाकिटं.

"जाऊबाई, रोटिफरना काय घालताय?"

थोरली पुसलेलीच बरणी पुन्हा पुसत राहिली. "यीस्ट. ऊन नाही तर शेवाळ कुठून वाढणार? आणि तू रोज दारात उभी, अजून द्या, अजून द्या. मला नाही म्हणवेना गं."

धाकटीला आता उलगडा झाला. यीस्टवर रोटिफर बक्कळ वाढतात, पण आतून पोकळ. आणि ती जितकं मागत गेली तितकी ही पोकळ खिल्लारं वाढत गेली, उरलंसुरलं हिरवंही फस्त करत गेली. रागवायचं तरी कुणावर?

थोरली म्हणाली, आहे ते हिरवं पाणी पुरवून पुरवून वापरू, दोन्ही टाक्यांना थोडं थोडं घालू. धाकटीने नकारार्थी मान हलवली. घागरभर हिरव्यातून ओंजळभर रोटिफर, ओंजळभर रोटिफरांतून चिमूटभर पिल्लू. बाकीचं ज्याच्या त्याच्या हालचालीत, श्वासात खर्ची पडतं. अर्धपोटी पिल्लू खातं ते नुसतं पोहण्यातच संपवतं, अंगी काही लागत नाही. दोन्ही टाक्या जगवायला गेलं तर दोन्ही जातील.

"एकच ठेवायची," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

दोघींनी बहुतेक रोटिफर गाळून बाजूला काढले. मूठभर ठेवले, ते उरलेल्या हिरव्या पाण्यात सोडले. ते हिरवे होईपर्यंत धाकटीने दहादा तरी झाकण उघडून पाहिलं असेल. मग ते उजवीकडच्या टाकीत घातले. तिथली पिल्लं जरा तरतरीत होती. डावीकडची पिल्लं उजेडाच्या कोपऱ्यात जमून वाट पाहत होती. धाकटी तिकडे पाठ करून उभी राहिली, पण मन काही पाठ फिरवेना.

थोरली गाळलेल्या रोटिफरांचं भांडं घेऊन आली आणि घुटमळली. "हे घालू का त्यांना? जगणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण निदान रिकाम्या पोटी..."

थोड्या वेळापूर्वी ह्याच पोकळ घासांनी धाकटीचा जीव जळला होता. तिने थोरलीच्या हातातलं भांडं घेतलं आणि डावीकडच्या टाकीत हळूहळू, सगळीकडे पसरेल असं, स्वतःच रितं केलं.