आतला खिसा

गॅविनने कीबोर्डची वायर तिसऱ्यांदा उपसली आणि परत खोचली. वायरीत काही बिघाड नव्हता. हातांना चाळा हवा होता, इतकंच.

"कोट काढ ना," आयझादा म्हणाली. "एसी संध्याकाळी लावतात. घामाने निथळतोयस."

"असू दे."

बहारीनला, मनामातल्या हॉटेलचा तो बार दुपारी अगदी केविलवाणा दिसे. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या आणि कालच्या हुक्क्याचा वास अजून पडद्यांत बसलेला. रात्री इथेच ती गायची आणि वसईचा गॅविन तिला साथ करायचा. बिश्केकहून ती सहा महिन्यांच्या करारावर आली होती. करार केव्हाच संपला, पण पासपोर्ट मॅनेजर अर्सलानच्या कपाटात होता आणि अर्सलान तिला सोडायचं नाव घेत नव्हता. तिकडे तिची मुलगी आजीजवळ राहून शाळेत जायला लागली होती.

मंगळवारी स्पीकर ठेवायला गॅविन ऑफिसात गेला, कपाट उघडं दिसलं आणि त्याने तिचा पासपोर्ट उचलला. जन्मात कुणाची पेन्सिल न ढापलेला माणूस! तो थेट तिच्या हातात ठेवायचा, असंच ठरवलं होतं. पण ठेवला की ही जाणार, हे जिन्यातच त्याच्या डोक्यात शिरलं, आणि तेव्हापासून पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात होता. नाताळला मी एकटा येणार नाही, असं तो आईला फोनवर सांगून बसला होता. अर्सलानचा त्याला मनापासून संताप यायचा. आता तो संताप नेमका कुणावर काढायचा, ते त्याला कळेनासं झालं होतं.

"ये, सिनेमा बघ. माझ्या शहरातला आहे."

तिने मोबाइल राखदाणीला टेकवून ठेवला. नाइटक्लब, बाहेर बर्फ, एक नाचणारी पोरगी, तिचा गुंड मालक आणि मालकाचा ड्रायव्हर. दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती त्याला गोष्ट समजावू लागली.

"ड्रायव्हरचा हिच्यावर जीव आहे. आता मालकाची तिजोरी फोडेल."

"कशाला?"

"तिचा पासपोर्ट काढायला."

गॅविनने कॉलर सैल केली.

"मग?"

"मग तिला देतो."

"लगेच?"

"सिनेमा आहे. लगेच."

पडद्यावर गोळ्या सुटल्या. आयझादाने आवाज कमी केला, पण नजर तिकडेच ठेवली.

"काल अर्सलानने माझी खोली उलटीपालटी केली. बॅगेचं अस्तर फाडलं. म्हणाला, तूच चोरलास. मी इथल्या अरबीत म्हटलं, मफी, नाही माझ्याकडे."

"मारलं त्याने?"

तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"कुणावर संशय आहे का, विचारत होता. नाही म्हटलं."

असली लाज गॅविनला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो उठला, कोट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

कुठेही न चाचपता तिचा हात आतल्या खिशात गेला. पासपोर्ट तिने पर्समध्ये टाकला, कोटाची नीट घडी घातली आणि ती त्याच्या हातात दिली.

"मंगळवारपासून तू हा कोट काढला नव्हतास," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज काढशील."