निद्रानंद महाराजांचा मध

सिंदीच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, रोज सकाळी अशी गर्दी व्हायची की कापसाच्या गाड्या रस्त्यातच अडायच्या. गाडीवान बैलांवर ओरडायचे आणि बैल निवांत उभे राहायचे. गर्दी सगळी जिनिंगवर कामाला जाणाऱ्या बायांची. प्रत्येकीच्या कडेवर एक रडणारं पोर, आणि मध्ये चौरंगावर निद्रानंद महाराज.

"रोता क्यूं है बेटा? झोप म्हणजे माझी सख्खी मावशी. आत्ता बोलावतो," असं म्हणून महाराज डोळे मिटायचे, दाढीत काही पुटपुटायचे, वाटीतल्या मधात करंगळी बुडवून पोराच्या जिभेला लावायचे. काही वेळानं पोर गप्प. आणखी काही वेळानं मान आईच्या खांद्यावर. मग जिनिंगचा भोंगा वाजायचा. त्या भोंग्यानं अख्ख्या गावाची कुत्री शेपूट घालतात, पण महाराजांची पोरं पापणीही हलवत नसत.

"भोंगा हरला, मंत्र जिंकला," महाराज सांगायचे.

बाया पोरांना ओळीनं निजवून कामाला लागायच्या. आमच्याकडे अफूची गोळी देऊन पोर निजवायची जुनी चाल. दवाखान्यातल्या डॉक्टर लीलाबाईंनी दारोदार फिरून ती सोडवली होती. आता त्याच बाया अभिमानानं म्हणत, "आमी अफू देत नाई बाई, महाराजाचा मध देतो."

मी नानाजी, गावातलं लहानसं वाचनालय सांभाळतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी पुस्तकांच्या कपाटामागे सरकतो. म्हणून हे सगळं मी खिडकीतून पाहत होतो. जगात आपल्याला न कळणारं पुष्कळ असेल, असं स्वतःला समजावत होतो. पण चमत्कार माझ्याच घरात शिरला.

मुलगी कमला बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची लेक चिमा म्हणजे दुसरा भोंगाच. आमच्या सौभाग्यवती शालूबाईंनी नातीला उचललं आणि कडुनिंबाखाली नेलं. घर एकदम शांत झालं. पहिल्या दिवशी मी खूश होऊन निम्मं पुस्तक वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी चिमा दूध प्यायलाही उठेना. कमलानं गालाला टिचकी मारली, पाण्याचा हात फिरवला, तेव्हा कुठे दोन घोट घेतले आणि पुन्हा मान टाकली.

"बाबा, हे बरं दिसत नाई मले," कमला म्हणाली.

"गाढ झोप लागली पोरीले, तर तुले तेबी खुपते?" शालूबाई म्हणाल्या. "परवा गाडीनं सासरी जातेस. रस्ताभर रडून डबा डोक्यावर घेईल ते. महाराज मले बोलले, निघायच्या सकाळी डबल प्रसाद देतो. थेट बल्लारशापर्यंत झोप."

मी चिमाची पापणी हलकेच उचलली. खोलीत अंधूक उजेड होता, तरी डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी. असं कशानं होतं, ते कुठंतरी वाचलं होतं. पण वाचलेलं खरंच आठवतंय की मनानं रचतोय? मी आरशात माझी बाहुली पाहिली. चांगली हरभऱ्याएवढी. मग कमलाची पाहिली. मग शालूबाईंच्या जवळ गेलो.

"अजी, काय पाहून राह्यले डोळ्यात? या वयात?"

"बाहुली."

"लगनाच्या टायमाले पाहाची होती."

मी दवाखान्यात गेलो. लीलाबाईंना सांगताना दोनदा अडखळलो, एकदा माफी मागितली. त्या मात्र ऐकता ऐकताच उठल्या. चिमाला तपासून म्हणाल्या, "आता हिला दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं उठवून पाजत राहा. श्वासाकडे लक्ष ठेवा. आणि नानाजी, दुप्पट प्रसाद दिला ना, तर ही पोर उठणारच नाही."

शालूबाईंनी चिमाला उचलून छातीशी धरलं. पण लगेच म्हणाल्या, "मधात काय असते हो? मंत्रानं झोपते पोर. सारं गाव पाहून राह्यलं."

"मग गावासमोरच पाहू," लीलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी आम्ही कडुनिंबाखाली गेलो, तोवर बरीच पोरं मध चाटून ओळीनं निजली होती. मी मागे राहणार होतो. गर्दीनं पुढे ढकललं, आणि माझ्या तोंडून निघालं, "महाराज, मंत्र तुमचा, मध आमचा. चालेल का?"

लीलाबाईंनी दवाखान्यातली मधाची बाटली पुढे केली. महाराजांनी दाढी कुरवाळली. "अरे, मंत्र को शहद से क्या लेनादेना? चालेल."

"हात तेवढा धुवा," लीलाबाई म्हणाल्या. महाराजांनी नाराजीनं करंगळी धुतली.

जिनिंगमधली कांता पुढे झाली. गेल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ती असल्या बाबांकडे फिरकत नसे, आणि तिचं दीड वर्षाचं पोर दिवसभर रडतं म्हणून बाकीच्या बाया तिला टोमणे मारत. "घ्या महाराज," ती म्हणाली. "मध लीलाबाईचा हाय म्हणून देतो. मंत्र किती बी म्हणा, त्यानं काई होत नाई."

महाराजांनी मंत्र म्हटला. पोरानं मध चाटला, मिटक्या मारल्या, आणखी मध हवा म्हणून भोकाड पसरलं. महाराजांनी मंत्राचा आवाज चढवला. पोरानंही चढवला. शेवटी पोरानं महाराजांची दाढी दोन्ही मुठींत धरली, आणि ती सोडवायला तिघी लागल्या.

"आज ग्रह टेढ़े हैं," महाराज दाढी चाचपत म्हणाले.

गर्दी खिदळू लागली तसे कापसाची दलाली करणारे मनोहरराव अडते तापले. महाराजांना चौरंग यांनीच दिला होता. "साधूची थट्टा करता? मधात काई असतं तर मले समजलं नसतं? हे पाहा." आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी महाराजांची वाटी तोंडाला लावली. लीलाबाईंनी ती हिसकावली, तोवर अर्धी रिकामी. "मनोहरराव, ओकून टाका," त्या म्हणाल्या. पण मनोहररावांनी चौरंगावर पाय दिला आणि भाषण सुरू केलं.

मनोहररावांचं भाषण सुरू झालं की श्रोते शेतावर जाऊन येतात. त्यांनी सनातन धर्म घेतला, मग नव्या पिढीचा उद्धटपणा, मग कापसाचे भाव. लीलाबाई त्यांच्यावर डोळा ठेवून बसल्या. भाव सांगता सांगता मनोहरराव हळू होत गेले. "या... भारतभूमीत... साधू..." मोठी जांभई आली. "साधू... सरकी..." आणि ते कापसाच्या बोऱ्यावर कलंडले. भोंगा वाजला. मनोहरराव घोरत राहिले.

"अवो, मनोहररावलेबी मावशी भेटली," कांता म्हणाली, आणि गर्दी अशी हसली की बैलांनी माना वर केल्या.

लीलाबाईंनी चार गडी बोलावले. "यांना झोपू द्यायचं नाही. ओकारी काढा, काखेत धरून चालवत राहा." मग त्यांनी मनोहररावांची पापणी उचलून बायांना जवळ बोलावलं. "ही बाहुली बघा. मोहरीएवढी. आता आपापल्या पोराची बघा."

हसणं थांबलं. बाया ओळीनं निजलेल्या पोरांपाशी वाकल्या. एकेक पापणी उघडली. मोहरी. मोहरी. पुन्हा मोहरी.  मग एकीनं पोर छातीशी धरलं आणि विचारलं, "अफू?"

"अफूच," लीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही सोडली होती, यानं मधातून दिली."

महाराज तोवर स्टेशनच्या दिशेनं मावशीला भेटायला निघाले होते. शालूबाईंनी त्यांची झोळी मागून धरली. आमच्या शालूबाईंच्या हातून सुटणं अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगतो. झोळीतून काळी, चिकट अफूची गोळी निघाली. पुढचं हवालदारानं पाहिलं.

सगळी पोरं दवाखान्यात नेली. दुपारपर्यंत एकेक जागं झालं आणि रडू लागलं. दवाखान्याच्या ओसरीवर इतकी पोरं एकदम रडत होती आणि त्यांच्या आया हसत होत्या, काही डोळे पुसत होत्या. घरी चिमानं टाहो फोडला तेव्हा शालूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आयका, आयका, आमची पोरगी रडून राह्यली."

मनोहरराव संध्याकाळपर्यंत गावभर चालत होते. अजूनही त्यांचं म्हणणं, डोळा लागला तो भक्तीनं.

त्या बाया मूर्ख नव्हत्या. दिवसभर उभं राहून काम करायचं आणि पोर रडत असायचं, तर कोणीही मावशीला हाक मारील. जिनिंगच्या मालकानं पुढे कुरकुरत का होईना, शेडमध्ये पोरांसाठी झोळ्या बांधू दिल्या, पाजायला सुट्टी दिली. पोरांचं रडणं निम्म्यानं कमी झालं. त्यासाठी मंत्र लागला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि उपदेश करायचा मला संकोच वाटतो. तरी एवढं सांगतो. लेकराला झोपेचं औषध कधी लागतच नाही, असं लीलाबाईही म्हणत नाहीत. पण ते का, कोणतं आणि किती, हे पोराला तपासणाऱ्यानं ठरवावं. आपल्या थकव्यानं ठरवू नये. पोर रडतं ते भुकेनं, दुखण्यानं, नाहीतर कुशीसाठी. झोपवलं की रडणं थांबतं, कारण तसंच राहतं. म्हणून कोणी बाबा असो की बाटली, पोराच्या जिभेला काही लावायच्या आधी देणाऱ्याला एक प्रश्न विचारा: यात काय आहे? उत्तर मिळेपर्यंत पोराला रडू द्या, आणि कडेवर घ्या.