अधिक तिसरा महिना

तिने भिंग सरांच्या हातात दिलं आणि पत्राच्या फोटोवर, तारखेपाशी बोट ठेवलं.

"इथे बघा, सर."

सर वाकले. चीन आणि कोरियाच्या संबंधांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. तिला चिनी अक्षरं गिरवायला लावली तीही त्यांनीच आणि कान पिळून प्रबंध पुरा करून घेतला तोही त्यांनीच. आज ती त्यांच्याच गाजलेल्या पुस्तकाचा पाया उखडायला आली होती.

"तिसरा महिना," सर म्हणाले.

"अधिक तिसरा, सर. तुम्हाला तेव्हा नुसतं सूचीचं कार्ड बघायला मिळालं होतं. कार्ड लिहिणाऱ्यानं 'अधिक' गाळलंय."

चिनी पंचांगात अधिक महिना मूळ महिन्यानंतर येतो, म्हणजे पत्र महिनाभर उशिराचं ठरत होतं. फरक एवढाच, पण कोरियाच्या दरबारानं पत्र पाठवून चिनी फौज बोलावली, हे सरांचं म्हणणं त्यात कोलमडत होतं. पत्र लिहिलं गेलं तेव्हा फौज सरहद्द ओलांडून आलेलीच होती. हे मांडणारा तिचा लेख तयार होता. सरांना न सांगता तो पाठवायला मात्र तिचा हात धजेना. आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं. सर खचतील, नाहीतर पुन्हा तिचं तोंड बघणार नाहीत, याचीच तिला धास्ती होती.

सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले.

"अगं ए, पूर आलाच नव्हता!"

काकू दारात आल्या. "कुठला पूर?"

"चौथ्या प्रकरणातला! पत्र मिळाल्याची पोच चीनहून परत यायला महिना जास्त का लागला ते उलगडेना, म्हणून नद्यांना पूर आला असावा असं ठोकून दिलं होतं. बत्तीस पानं!"

"मीच टाइप केलीत ती. तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरीच काय!" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

सरही हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"किती वर्षं सलत होतं गं ते. प्रत्येक व्याख्यानात वाटायचं, आता कोणीतरी उठून विचारणार. सुटलो बाई."

आपण इतका वेळ उभ्याच आहोत हे तिच्या आत्ता लक्षात आलं. ती मटकन खुर्चीत बसली. तिला फार फार बरं वाटत होतं.

सरांनी तिचा लेख पुढे ओढला, पहिलं पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"'काही जुन्या अभ्यासकांच्या मते.' हे काही अभ्यासक कोण?"

ती ओशाळून हसली.

"मी एकटाच होतो," असं म्हणत त्यांनी ती ओळ खोडली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.