तीन शाळा आणि एक ते दहा

“काल लिहिलेलं आज निम्मं गायब! ह्या फळ्यात काही दम उरला नाही,” टिल्लीची आई माझ्या अगदी नाकाशी येऊन पुटपुटली.

मित्रांनो, तो दम नसलेला फळा म्हणजे मी. आणि गायब मी काही केलं नव्हतं. टिल्लीचे आजोबा, म्हणजे नाना, मला पाठ टेकून चहा प्यायले, आणि अख्खी ‘शाळा दुसरी’ त्यांच्या सदऱ्यावर गेली.

कारखान्यातून निघालो तो मी थेट टिल्लीच्या बाबांच्या ऑफिसात, बैठकीच्या खोलीत. काय थाट होता माझा! माझ्यावर वर वर चढणाऱ्या रेघा काढायचे आणि माणसं टाळ्या वाजवायची. पुढे तिथे मोठा टीव्ही आला. मी जिन्याखाली गेलो. बाबांना दया आली, त्यांनी मला घरी आणलं, आणि घरी मी तीन वर्षं कपाटामागे इस्त्रीच्या टेबलाला खेटून काढली.

मग एका संध्याकाळी बाबा जवळजवळ उड्या मारतच घरी आले. कंपनी चीनमध्ये शाखा उघडणार होती आणि बदलीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी थंडीसाठी एक जाडजूड कोट आणला. आईने मला बाहेर ओढलं. “तिकडे जायच्या आधी पोरीला भाषा नको का यायला?” म्हणत तिने तीन रकाने आखले. शहरात मँडरिन शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा तीनच होत्या.

पहिली कारंजेवाली. तिथे रोज एक तास, सगळा भर बोलण्यावर. दुसरी टेकडीवाली. आठवड्याला तीनच तास, पण वर्षाअखेर दीडशे अक्षरं लिहिता येणार. तिसरी टायवाली. तिथे गणितसुद्धा मँडरिनमधून.

“अगं, तिला गणित आपल्या भाषेतसुद्धा कळत नाही,” बाबा म्हणाले.

“तिकडे न कळायला कारण तरी असेल,” नाना म्हणाले.

टिल्लीला मात्र कुठेच जायचं नव्हतं. तीन पायांच्या शर्यतीत तिचा डावा पाय आणि मैत्रिणीचा उजवा पाय दोन वर्षं एकत्र बांधले जात होते. “दुसऱ्या कुणाबरोबर मी पडेन,” एवढंच ती म्हणाली. आईने माझ्यावर कोपऱ्यात लिहिलं, ‘मैत्रीण – बघू.’

तिन्ही शाळांत एकेक नमुन्याचा तास झाला. पहिल्या शाळेत टिल्ली एक ते दहा शिकली आणि सातला अडली. दुसऱ्या शाळेतही एक ते दहाच, तिथे नऊला अडली. तिसऱ्या शाळेतही एक ते दहाच! तिथे पोरगी घडाघडा म्हणून मोकळी झाली. बाई थक्क. आई घरी आली ती टायवालीला तीन तारे देतच. “बघा, शिकवण्याची पद्धत! एका तासात पाठ!”

मी फळा, मित्रांनो. मला बोलता येत असतं तर मी किंचाळलो असतो.

पण खरं सांगायचं तर चुकीचे तारे ही लहान गोष्ट होती. मोठी गोष्ट अशी, की एका मंगळवारी तो जाडजूड कोट पिशवीत घालून बाबा गुपचूप दुकानात परत देऊन आले. आईला कपाटात रिकामा हँगर दिसला. तिने माझ्यावर आणखी एक ओळ वाढवली : ‘वर्गात मुलं किती?’ नानांनाही दिसला. त्यांनी त्या हँगरवर आपला सदरा अडकवला. निघायचं कधी, असा विषय निघाला की बाबा पाणी प्यायला उठत. महिनाभर ते इतकं पाणी प्यायले, आणि मी इतका भरलो, की माझ्यावर बोट टेकायला जागा राहिली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या फडक्याने हलकेच पुसत जा. आणि पुसण्याआधी एवढं बघा, की लिहायची खरी गोष्ट लिहायचीच राहून गेली नाही ना.

काल संध्याकाळी आईने टिल्लीच्या जुन्या शाळेचा अर्ज बाबांपुढे ठेवला. दाखला काढायची शेवटची तारीख आज होती. टिल्ली टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती. बाबांनी नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. पुढची ओळ होती, ‘शाळा सोडण्याचे कारण’.

पेन थांबलं.

“लिहा ना,” आई अगदी हळू म्हणाली. “बदली.”

बाबा उठायला लागले. नानांनी पाण्याचा तांब्या आपल्याकडे ओढून घेतला.

बाबा परत बसले. टिल्लीकडे बघून म्हणाले, “बदली दुसऱ्याला मिळाली. महिना झाला. आपण कुठेच जात नाही आहोत.”